कोरम भरायला सोलापूरला

आमच्या चिपळूणहून सोलापूरला कुणी हौसेने जात नाही, आणि ऐन एप्रिलच्या उन्हात तर मुळीच नाही. मी गेले ती श्रीदेवीचा कोरम भरायला. नोकरीच्या मुलाखतीला कोरम कसला, असं फोनवर मलाही वाटलं होतं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

श्रीदेवी अस्सल सोलापूरची. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रशिक्षणाला आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. तिथल्या एका विद्यापीठात यंत्रमागावर आणि विड्यांवर काम करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांवर संशोधन चालतं, आणि ती त्या प्रकल्पात क्षेत्र सहायक. घरोघर जायचं, खोकल्याची, दम्याची चौकशी करायची आणि माणसांना गोडीगुलाबीने तपासणीला घेऊन यायचं, हे तिचं काम. नोकरी कंत्राटी. मार्चअखेर कंत्राट संपतं, मग ‘ब्रेक’ नावाची सक्तीची सुट्टी, मग जाहिरात, आणि मग आपल्याच खुर्चीसाठी आपणच मुलाखतीला बसायचं. त्या मुलाखतीला निदान तीन उमेदवार हजर लागतात. तीन भरले नाहीत तर तारीख पुढे जाते आणि तोवर ही बाई बिनपगारी. वर्षापुरत्या, तुटपुंज्या पगाराच्या नोकरीसाठी लांबून कोण येणार? त्यामुळे ज्याने त्याने आपापला कोरम जमवायचा, अशी तिथली रीतच पडली आहे.

‘‘तू नुसती येऊन बस,’’ ती म्हणाली. ‘‘काही विचारलं तर ‘वाचून सांगते’ म्हण. दोन दिवस आमच्याकडं राहा, भाकरी खा आणि जा की.’’

मी लगेच हो म्हटलं. मला तरी दुसरं काय काम होतं? माझा स्वतःचा प्रकल्प, आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा, वर्षापूर्वी संपला होता. प्रकल्प संपतो तेव्हा निरोपसमारंभ होतो, गुलाबाचं फूल देतात, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला कुणी ओळखत नाही. तेव्हापासून भावाच्या औषधाच्या दुकानात बसून मी लोकांना खोकल्याच्या बाटल्या देत होते. भाऊ काही बोलत नाही. वहिनीही वाईट नाही. पण माझी खोली आता पुतणीला दहावीच्या अभ्यासासाठी लागणार, हे घरात तीनदा तरी सहज बोलून झालं होतं.

श्रीदेवीने जाहिरात फोनवर पाठवली. परिचारिका, समुपदेशक, आकडेवारी भरणारा, क्षेत्र सहायक अशी पुष्कळ पदं होती. तिच्या पदाखाली या वर्षी एक ओळ जास्तीची होती: फुप्फुसाची क्षमता मोजण्याच्या यंत्राचा अनुभव आवश्यक. मी तिला विचारलं, तर म्हणाली, दर वर्षी काहीतरी नवीन छापतात, कोण वाचतंय. मी मात्र ती ओळ पुन्हा वाचली. निघताना नुसतं बसायला जायचं तर साधा ड्रेस चालला असता, पण मी चांगली सुती साडी इस्त्री करून पिशवीत ठेवली आणि सगळी प्रमाणपत्रंही घेतली. नियमात बसायला लागतात म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवार, मोहोळच्या पुढे

प्रवासाचं रडगाणं गात नाही. एसटीची खिडकी बंद केली तर गुदमरायला होतं आणि उघडली तर तव्यावरची वाफ तोंडावर येते, एवढं सांगितलं की पुरे. मोहोळ मागे पडलं तेव्हा मी नीट बाहेर बघितलं. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला जाऊन टेकते. इथे ती टेकतच नाही. काढून झालेली ज्वारीची रानं, मधेच उसाचा एखादा हिरवा तुकडा, पुन्हा काळी भेगाळलेली जमीन आणि बांधावर बाभळी. एवढ्या मोकळ्या जागेत मला एकदम उगाचच रडू आलं. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. ऊन लागलंय, असं त्या म्हणाल्या आणि मी तेच खरं मानून घेतलं.

श्रीदेवी स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. पुण्यात होती त्यापेक्षा वाळलेली, पण हसू तेच. तिचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, आणि तीत माणसं तेलुगूत, मराठीत, हिंदीत मोठमोठ्याने बोलत असतात. पहिल्या तासात माझं डोकं दुखलं. दुसऱ्या तासात एका घरातला माग बंद पडला, तेव्हा तो आवाज कुठे गेला म्हणून मीच मान वळवून बघितलं.

तिची आई दारातच बसली होती, मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. बोलता बोलता तिची बोटं पान कापत, भरत, वळत होती. सगळे तिला अम्मा म्हणतात, मीही म्हणू लागले. श्रीदेवीचे वडील मागावर कामाला होते. ते खोकून खोकून गेले, आणि तेव्हापासून घर श्रीदेवीच्या पगारावर आणि अम्माच्या विड्यांवर चालतं. अम्माही खोकते. प्रकल्पाच्या तपासणीला लेकीने तिलाच सगळ्यात आधी नेलं होतं.

पोचल्या पोचल्या मी एक घोळ घातला. घामाने अंग चिकटलं होतं, म्हणून न्हाणीघरात गेले आणि आमच्याकडच्या सवयीने भसाभसा बादल्या ओतून, केस धुऊन बाहेर आले. श्रीदेवी पिंपाकडे बघत उभी होती. इथे नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये कित्येक दिवस जातात, आणि साठवलेलं पाणी घर जपून वापरतं. ज्या गावात दर पावसाळ्यात नदी दुकानात शिरते, त्या गावची मी. पाणी संपतं हे मला कळतं, पण अंगवळणी नाही. संध्याकाळी अम्माने शेजारणीकडून घागर आणली, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं.

जेवायला कडक भाकरी होती, पापडासारखी मोडणारी, आणि शेंगदाण्याची लाल चटणी. शिवाय भाताबरोबर चिंचेचं एक कच्चं सार, कांदा-मिरची कुस्करलेलं, न उकळलेलं. त्याला ते पच्ची पुलुसू म्हणतात. मला आमच्या सोलकढीची आठवण झाली. फक्त आमची कढी जिभेला गोंजारते आणि हे सार कानाखाली वाजवतं. अम्मा वाढत राहिली. ‘‘तिनम्मा, तिनम्मा,’’ म्हणजे खा गं बाई, खा. तिला मराठी चांगलं येतं, पण वाढताना तिच्या तोंडून तेलुगूच निघतं.

सोमवार, विद्यापीठात

विद्यापीठ गावाबाहेर माळावर आहे. इमारती मोठ्या, झाडं लहान, आणि एका इमारतीतून दुसरीत जाईपर्यंत डोक्याचं भरीत होतं. ज्या मजल्यावर मुलाखती होत्या तिथला व्हरांडा माणसांनी भरला होता. परिचारिकांच्या जागांसाठी लातूर-धाराशिवकडून मुली आल्या होत्या, काहींबरोबर नवरे, एकीबरोबर तान्हं मूल. प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल आणि तोंडावर तोच भाव. हा भाव मला पाठ आहे. आत बोलावलं की तो पुसायचा आणि हसरा चेहरा लावायचा.

आमचा तिसरा उमेदवार आधीच येऊन बसला होता. अंकुश नाव, मोहोळकडच्या शेतकरी घरातला, एका खासगी दवाखान्यात ब्रदर म्हणून काम करणारा. श्रीदेवीने त्यालाही असाच गोळा केला होता.

‘‘मी दर साली येतोय की,’’ तो मला म्हणाला. ‘‘तुमी पैल्यांदाच का? काय न्हाय, हितं निस्तं बसायचं. च्या लई चांगला असतोय.’’

चहा खरंच चांगला होता. आम्ही तिघं बाकावर बसून पीत होतो, आणि श्रीदेवी मजेत होती. मुलाखत घेणारे सर कसे दर वर्षी तिलाच रुग्णांची नावं विचारतात, त्याची नक्कल करत होती. एवढ्यात कारकून सांगून गेला की ते सर नुकतेच निवृत्त झाले, आज नव्या मॅडम आहेत, बाहेरून आलेल्या. श्रीदेवीने कप खाली ठेवला.

तिचंच नाव पहिलं पुकारलं. उकाड्यामुळे दार उघडं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. नव्या मॅडमचा आवाज शांत होता, त्यात कुत्सितपणा नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यांनी कामाची चौकशी केली, कौतुकही केलं. मग विचारलं, फुंकून घ्यायची तपासणी तुम्ही स्वतः करता का? श्रीदेवी म्हणाली, ती आमचे तंत्रज्ञ करतात. मॅडम म्हणाल्या, या वर्षी तंत्रज्ञाचं पद मंजूर नाही, दोन्ही कामं एकाच माणसाने करायची आहेत. जाहिरातीत तसं दिलं आहे.

ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. ‘‘शिकून घेते म्हटलं,’’ ती म्हणाली. मी तिच्याकडे न बघता मान हलवली, कारण तेवढ्यात माझं नाव पुकारलं होतं.

आत जाताना मी काय ठरवलं होतं, ते मला नीट आठवतं. ‘वाचून सांगते.’ दोन शब्द. पण मॅडमनी माझी फाइल चाळली, चिरेखाणीच्या कामाचा कागद बाहेर काढला आणि विचारलं, ‘‘माणूस यंत्रात नीट फुंकत नसेल तर तुम्ही काय करता?’’

वर्षभरात मला कुणी माझ्या कामाचं काही विचारलं नव्हतं. भावाच्या दुकानात लोक विचारतात, ही गोळी जेवणाआधी की नंतर? आणि इथे समोरच्या बाईंना खरोखर उत्तर हवं होतं. मी बोलायला लागले. गाल फुगवून फुंकणारा कसा ओळखायचा, मध्येच फुंकायचं थांबणाऱ्याला शेवटपर्यंत कसं फुंकायला लावायचं, लाजणाऱ्या बायकांना आधी दुसऱ्या बाईची तपासणी कशी बघू द्यायची. मॅडमनी यंत्र पुढे केलं आणि करून दाखवायला सांगितलं. रुग्ण म्हणून त्यांनी व्हरांड्यातून अंकुशला आत बोलावलं.

बिचारा चहाचा कप हातात घेऊनच आला. मी त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि सांगितलं, छाती भरून हवा घ्या आणि चिऱ्यावरची भुकटी एका झटक्यात उडवायची तसं सोडा. त्याने चिमट्यातून गेंगाण्या आवाजात विचारलं, चिरा म्हणजे काय? सगळे हसले. मग मी म्हटलं, दादा, गाडीच्या सीटवर धूळ बसली आहे आणि हात दोन्ही भरलेले आहेत. तेव्हा त्याने असं फुंकलं की आलेखाची रेघ सरळ वर गेली आणि मी ‘अजून, अजून, अजून’ ओरडत राहिले, खाणीवर ओरडायचे तशी. अंकुश लालबुंद झाला. मॅडम हसत होत्या. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मग माझी नजर दाराकडे गेली. श्रीदेवी बाकावर बसून आत बघत होती.

निकाल दुपारनंतर फळ्यावर लागला. क्षेत्र सहायक: माझं नाव. त्याखाली प्रतीक्षा यादी, आणि तिच्यापुढे ‘निरंक’, म्हणजे कुणीच नाही. अंकुशने ते दोनदा वाचलं, माझं अभिनंदन करावं की करू नये याचा विचार करत चप्पल घासली आणि मोहोळची गाडी गाठायची म्हणून निघून गेला.

आम्ही दोघी इमारतीच्या सावलीत पायऱ्यांवर बसलो. मी म्हटलं की मी असं ठरवून आले नव्हते. ती म्हणाली, माहिताय. मग ती आत जाऊन कारकुनाशी बोलून आली. निवडलेल्या उमेदवाराने नकार दिला तर पुन्हा जाहिरात काढावी लागेल, मंजुरी वगैरे धरून काही महिने जातील, असं तो म्हणाला होता.

‘‘माधवी,’’ ती म्हणाली, ‘‘तू नाही म्हण ना. तेवढ्यात मी ते यंत्र शिकते. तूच शिकीव मला. दोन-तीन महिने अम्माच्या विड्यांवर काढू कसं तरी.’’

ती रडत नव्हती. ओढूनताणून मोठेपणाही दाखवत नव्हती. तिने सरळ मागितलं, आणि तिला तो हक्क होता. मला तिचा फार राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

‘‘बघते,’’ मी म्हटलं.

आपल्याकडे कुणी ‘बघते’ म्हणालं की माणूस पुन्हा विचारत नाही. त्याचा अर्थ सोलापुरातही तोच होतो. तिने स्कूटी सुरू केली आणि मी मागे बसले.

मंगळवार, निघताना

श्रीदेवीने अम्माला काही सांगितलं नव्हतं. सोमवारी अम्माने विचारलं होतं, झालं का काम, आणि ती ‘झालं’ म्हणून भांडी घासायला गेली होती. दर वर्षी होतं तसंच झालं असणार, असं अम्माने धरलं.

सकाळी मी पिशवी भरत होते. न्हाणीघरात मी या वेळी एका बादलीत उरकलं होतं. अम्मा हात धुऊन आली, तरी तिच्या हातांना तंबाखूचा वास होताच. तिने मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला, आणि वर शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून दिली. मी नको नको म्हणत होते. श्रीदेवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

‘‘घे की,’’ अम्मा म्हणाली. ‘‘इतक्या लांबून कोण येतंय दुसऱ्यासाठी? तू आलीस म्हणून हिचं काम झालं.’’

मी खाली वाकून नमस्कार केला, कारण तोंड लपवायला तेवढी एकच जागा होती. श्रीदेवी मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागली तेव्हा तिने माझी पिशवी वर चढवून दिली आणि ‘पोचल्यावर फोन कर’ असं नेहमीसारखं म्हणाली. मी पोचल्यावर फोन केला नाही. पोचले एवढाच निरोप पाठवला, आणि तिने त्यावर अंगठा दाखवला.

घरी

भावाला मी सोमवारीच कळवलं होतं. पायऱ्यांवर, श्रीदेवी कारकुनाकडे गेली होती तेव्हा. मला वाटलं होतं, मी नुसतं सांगतेय. पण घरी आले तेव्हा देवापुढे पेढे होते आणि शेजारचे काका अभिनंदन करून गेले होते. पुतणीने माझ्या खोलीच्या भिंतीवर गणिताची सूत्रं चिकटवली होती. वहिनी मला मनापासून जवळ घेऊन म्हणाली, सुटलीस बाई. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि तिचं काही चुकलं असंही मला वाटत नाही.

गुरुवारपर्यंत कळवायचं होतं. बुधवारी दिवसभर मी नकाराचं पत्र मनात लिहीत होते. दोनदा चांगलं जमलं. दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना धाप लागली होती, आणि ते मला कोणतं औषध घेऊ म्हणून विचारत होते. मी त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि बाटली दिली. मग मागच्या बाकावर बसून विद्यापीठाला ‘स्वीकारते’ असं कळवून टाकलं. त्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. जेवणात सोलापूरची चटणी होती. घरात सगळ्यांना ती फार आवडली.

जेवता जेवता भावाने रुजू व्हायची तारीख विचारली. वहिनी चटणी वाढत होती.

‘‘खोली मिळेपर्यंत लॉजवर वगैरे राहू नकोस हं,’’ ती म्हणाली. ‘‘तुझी ती मैत्रीण आहे ना, तिच्याकडेच उतर. किती प्रेमाने पाठवलंय बघ सगळं.’’

मी हो म्हटलं. सोलापुरात मला दुसरं कुणीच ओळखत नाही.